विद्यार्थ्यांचा पट : ऑक्सफर्ड ते लेनिनग्राड

विद्यापीठांमधील बुद्धिबळ-सामन्यांचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या याद्यांमधून सांगितला जातो. परंतु त्या सर्व याद्यांच्या मुळाशी एक साधी अट उभी असते, ती अशी की पटावर बसणारा खेळाडू कोणत्या तरी विद्यापीठाचा विद्यार्थी असला पाहिजे. या अटीने कोणाला खेळू दिले आणि कोणाला दाराबाहेर ठेवले, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये एक होते, विसाव्या शतकाच्या मध्यावर सोव्हिएत संघात दुसरे होते आणि त्याच काळात अमेरिकेत तिसरेच होते. १९६० च्या जुलै महिन्यात लेनिनग्राड येथे बोरिस स्पास्की आणि विल्यम लोम्बार्डी हे दोन तरुण समोरासमोर बसले, तेव्हा त्यांच्यातील डाव कागदोपत्री दोन विद्यार्थ्यांमधील डाव होता; प्रत्यक्षात मात्र विद्यार्थी असण्याच्या दोन अगदी निराळ्या व्यवस्था तेथे एकमेकींसमोर आल्या होत्या. तो डाव समजून घ्यायचा तर त्याच्या मागची सुमारे नव्वद वर्षे आधी पाहावी लागतात.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील बुद्धिबळ हा मुख्यतः कॉफीगृहांतील खेळ होता. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरील ‘सिम्पसन्स दिवान’ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण असून तेथे धूम्रपान, वृत्तपत्रे आणि कॉफी यांच्या जोडीने पट मांडलेले असत, आणि पोटापाण्यासाठी खेळणारे निष्णात खेळाडू येणाऱ्या-जाणाऱ्या हौशी गिऱ्हाइकांशी किरकोळ रकमेची पैज लावून डाव खेळत. हॉवर्ड स्टाँटन यांनी १८५१ मध्ये लंडन येथे पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली आणि ती ब्रेस्लाऊचे गणित-शिक्षक अडॉल्फ अँडरसन यांनी जिंकली. या स्पर्धेनंतर खेळाची प्रतिष्ठा वाढली खरी, तरी पैजेचा वास त्याला चिकटून राहिलाच. सभ्य घरातील मुलाने बुद्धिबळ जाणावे पण त्यावर जगू नये, अशी त्या समाजाची धारणा होती; आणि विद्यापीठांमध्ये बुद्धिबळ-मंडळे निघाली ती या धारणेच्या चौकटीतच निघाली.

ऑक्सफर्ड विद्यापीठाचे बुद्धिबळ-मंडळ १८६९ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या संस्थापकांमध्ये मर्टन महाविद्यालयात शिकणारे लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल, म्हणजे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या विन्स्टन चर्चिल यांचे वडील, हे होते. पुढच्याच वर्षी नामवंत बुद्धिबळपटू विल्हेल्म स्टाइनिट्झ ऑक्सफर्डला आले, तेव्हा त्यांनी एकाच वेळी अनेकांशी अंधबुद्धिबळ खेळून दाखवले. पटाकडे न पाहता, प्रतिस्पर्ध्याची चाल ऐकून आपली चाल तोंडाने सांगायची, अशा या प्रकारात त्यांच्याविरुद्ध बसणाऱ्यांमध्ये लॉर्ड रँडॉल्फ हेही होते. केंब्रिजचे मंडळ १८७१ मध्ये निघाले, आणि त्याच्या आरंभीच्या उत्साही खेळाडूंमध्ये तर्कशास्त्राचे अभ्यासक जॉन नेव्हिल केन्स, म्हणजे अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचे वडील, यांचा समावेश होता. ही दोन नावे केवळ त्यांच्या मुलांच्या कीर्तीमुळे येथे नोंदलेली नाहीत. एक उमरावघराण्यातला भावी राजकारणी आणि दुसरा मध्यमवर्गातून आलेला भावी प्राध्यापक, हे दोघेही ज्या खेळात सहज रमत होते तो खेळ विद्यापीठाच्या भिंतीआत आल्यावर कॉफीगृहापासून किती लवकर वेगळा झाला, हे त्यांवरून दिसते.

या दोन मंडळांमधील पहिला समोरासमोरचा सामना २८ मार्च १८७३ रोजी लंडनमध्ये, सिटी ऑफ लंडन चेस क्लबच्या यजमानपदाखाली झाला. तारखेची निवड सूचक होती, कारण दुसऱ्याच दिवशी, २९ मार्चला, थेम्स नदीवर दोन्ही विद्यापीठांमधील वार्षिक नौकाशर्यत होती. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातील क्रिकेटचा सामना १८२७ पासून आणि नौकाशर्यत १८२९ पासून सुरू होती; त्या निमित्ताने दोन्हीकडचे विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि त्यांची कुटुंबे लंडनला जमत असत, आणि बुद्धिबळाने त्या जमलेल्या गर्दीला जोडून आपला दिवस मिळवला. बैठ्या खेळाला मैदानी खेळांच्या पंगतीत बसवण्याचा हा प्रयत्न यशस्वी झाला, असे म्हणावे लागते. कारण दोन महायुद्धांचा खंड वगळता हा सामना तेव्हापासून नियमितपणे चालत आला असून बुद्धिबळाच्या जगातील इतकी जुनी वार्षिक लढत दुसरी नाही.

या सामन्यात विद्यार्थी असण्याच्या अटीचा अर्थ स्पष्ट होता. विद्यार्थी म्हणजे ज्याला बुद्धिबळातून पैसा मिळवायचा नाही आणि मिळवण्याची गरजही नाही असा तरुण. महाविद्यालयाच्या बैठकीच्या खोलीत संध्याकाळी खेळून तो तयार होई, दोन-तीन वर्षे विद्यापीठाकडून खेळे, आणि नंतर धर्मपीठात, न्यायालयात, शाळेत किंवा सरकारी कचेरीत निघून जाई. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये धार्मिक शपथेची अट १८७१ पर्यंत कायद्याने पूर्णपणे सैल झाली नव्हती, आणि स्त्रियांना पदवी मिळण्यास तर ऑक्सफर्डमध्ये १९२० आणि केंब्रिजमध्ये १९४८ साल उजाडावे लागले. तेव्हा खेळाडूंची निवड खेळाच्या आधीच, प्रवेशाच्या पायरीवर, बऱ्याच अंशी होऊन गेलेली असे. शिम्प्यांच्या दुकानात किंवा गोदीत काम करणारा कुशल खेळाडू लंडनच्या क्लबांमध्ये भेटू शकत होता, या सामन्यात नव्हे.

अटलांटिक महासागरापलीकडे ही प्रथा जवळजवळ वीस वर्षांनी पोचली. कोलंबिया, हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या चार अमेरिकी विद्यापीठांनी १८९२ मध्ये आपापसांत वार्षिक स्पर्धा सुरू केली, आणि ती नाताळच्या सुट्टीत न्यूयॉर्कला भरत असे. या चौघांचा एकत्र संघ आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजचा एकत्र संघ यांच्यात १८९९ पासून तारायंत्राच्या साहाय्याने सामने होऊ लागले. समुद्रतळाशी टाकलेल्या केबलमधून एकेक चाल सांकेतिक लिपीत पाठवायची, पलीकडच्या शहरात ती उतरवून पटावर मांडायची आणि उत्तराची वाट पाहायची, अशी ही रीत असे. त्यामुळे एका चालीतील चूक म्हणजे केवळ खेळाडूची चूक नसून कधी कधी तारेवरच्या कारकुनाचीही असू शके, आणि म्हणून दोन्ही टोकांना प्रतिपक्षाचा विश्वासू प्रतिनिधी बसवावा लागे. या सामन्यांची ढाल आयझॅक राइस या वकील व उद्योजकाने दिली होती. त्याच कोलंबिया विद्यापीठात १९०६ मध्ये होसे राउल कापाब्लांका हा क्युबन तरुण रसायन-अभियांत्रिकी शिकण्यासाठी आला, विद्यापीठाच्या संघातून खेळला, आणि १९०८ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून पूर्णवेळ बुद्धिबळाकडे वळला. १९२१ मध्ये तो जगज्जेता झाला. ऑक्सफर्डच्या चौकटीत जे अशोभनीय ठरले असते, म्हणजे खेळासाठी विद्यापीठ सोडणे, ते अमेरिकेत शक्य होते, मात्र तसे करणारा माणूस एकटा पडे. त्याच्यामागे ना विद्यापीठ उभे राही ना सरकार.

दोन महायुद्धांच्या दरम्यान केंब्रिजने इंग्लंडला जे खेळाडू दिले त्यांच्यापैकी दोघांचा उल्लेख या इतिहासात टाळता येत नाही. ट्रिनिटी महाविद्यालयाचे स्टुअर्ट मिल्नर-बॅरी आणि किंग्ज महाविद्यालयाचे गणिती ह्यू अलेक्झांडर हे १९३९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ब्युनोस आयरेस येथील बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये इंग्लंडकडून खेळत असतानाच युद्ध जाहीर झाले आणि दोघेही मायदेशी परतून ब्लेचली पार्क येथील गुप्तलिपी उलगडणाऱ्या केंद्रात दाखल झाले. जर्मन यंत्रांच्या सांकेतिक संदेशांचा माग काढणाऱ्या या केंद्राला पुरेसे कर्मचारी मिळत नाहीत, अशी तक्रार करणारे पत्र ऑक्टोबर १९४१ मध्ये अ‍ॅलन ट्युरिंग, गॉर्डन वेल्चमन, अलेक्झांडर आणि मिल्नर-बॅरी या चौघांच्या सहीने पंतप्रधान चर्चिल यांना लिहिले गेले, आणि ते डाउनिंग स्ट्रीटवर नेऊन देण्याचे काम मिल्नर-बॅरी यांनी केले. ऑक्सफर्डच्या बुद्धिबळ-मंडळाच्या एका संस्थापकाच्या मुलाकडे केंब्रिजच्या दोन बुद्धिबळपटूंचा अर्ज पोचला आणि तो तत्काळ मंजूर झाला. हौशी विद्यापीठीय बुद्धिबळाने एखाद्या राष्ट्राला काय दिले, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे सर्वांत भक्कम उत्तर ब्लेचलीमध्ये सापडते.

युद्धानंतर विद्यार्थी-बुद्धिबळ राष्ट्रांच्या पातळीवर गेले, आणि तेथे त्याची सगळी भाषाच बदलली. १९४६ मध्ये प्राग येथे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी संघ स्थापन झाला. आरंभी त्यात अनेक देशांच्या संघटना होत्या, परंतु लवकरच त्यावर सोव्हिएत गटाचे वर्चस्व आले आणि पश्चिमेकडील विद्यार्थी-संघटनांनी १९५० पासून आपली वेगळी परिषद उभी केली. या फाटाफुटीतही जे थोडे दुवे टिकले त्यांपैकी एक बुद्धिबळाचा होता. जागतिक बुद्धिबळ महासंघ, म्हणजे ‘फिडे’, आणि हा विद्यार्थी संघ यांच्या सहकार्याने १९५४ मध्ये ऑस्लो येथे विद्यार्थ्यांची जागतिक सांघिक स्पर्धा भरली आणि पहिले विजेतेपद चेकोस्लोव्हाकियाने मिळवले. प्रत्येक सामन्यात चार पट, प्रत्येक पटावर जिंकल्यास एक गुण व बरोबरीस अर्धा, आणि सामने किती जिंकले यापेक्षा सर्व पटांवरील गुणांची बेरीज निर्णायक, अशी रचना होती. त्यामुळे दुबळ्या संघाविरुद्ध मिळवलेला अर्धा गुणही शेवटी मोलाचा ठरे, आणि पहिल्या पटावरच्या खेळाडूला दररोज प्रतिपक्षाच्या सर्वोत्तम खेळाडूशी गाठ घालूनही सतत जिंकत राहावे लागे.

पुढच्या वर्षापासून सोव्हिएत संघाची मक्तेदारी सुरू झाली : १९५५ मध्ये ल्यों, १९५६ मध्ये उप्साला, १९५७ मध्ये रेक्याविक आणि १९५८ मध्ये वार्ना, अशी सलग चार विजेतेपदे त्या संघाने मिळवली. या यशाचे कारण समजून घेण्यासाठी सोव्हिएत व्यवस्थेत विद्यार्थी कोणाला म्हणत हे पाहिले पाहिजे. क्रांतीनंतर बोल्शेविक नेते निकोलाय क्रिलेंको यांच्या पुढाकाराने बुद्धिबळ हे जनतेच्या शिक्षणाचे साधन ठरवून कारखाने, सैन्य आणि शाळा यांमधून पसरवले गेले. मोठ्या शहरांतील पायोनियर प्रासादांमध्ये, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी छंदकेंद्रांमध्ये, निवडक मुलांना अनुभवी प्रशिक्षक मिळत. त्याच वेळी व्यावसायिक खेळाडू ही भांडवलशाहीची चीज असून समाजवादी देशात तसे कोणी नसते, अशी अधिकृत भूमिका होती. त्यामुळे प्रत्येक ग्रँडमास्टर कागदोपत्री अभियंता, पत्रकार, सैनिक किंवा विद्यार्थी असे, आणि जगातील पहिल्या दहा-वीस खेळाडूंमध्ये गणला जाणारा तरुण विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत बसू शके. लाटविया विद्यापीठात रशियन भाषा व साहित्य शिकलेला मिखाइल ताल हा याचे ठळक उदाहरण आहे. १९५७ आणि १९५८ मध्ये लागोपाठ सोव्हिएत अजिंक्यपद जिंकणारा हा खेळाडू त्याच वर्षांत विद्यार्थी संघाकडूनही खेळत होता, आणि मे १९६० मध्ये मिखाइल बोत्विनिक यांना १२½ विरुद्ध ८½ असे हरवून तो जगज्जेता झाला. ही लबाडी होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण ताल खरोखर शिकत होता आणि त्याने पदवीही घेतली. मात्र ज्या राज्याने त्याच्या शिक्षणाचा खर्च उचलला त्याच राज्याला त्याचे बुद्धिबळही हवे होते, हे नाकारता येत नाही.

बोरिस स्पास्की हाही याच व्यवस्थेचा पुत्र. १९३७ मध्ये लेनिनग्राडला जन्मलेल्या या मुलाने महायुद्धात शहराला पडलेल्या जर्मन वेढ्याच्या काळात शहराबाहेर बालपण काढले, युद्धानंतर परतल्यावर पायोनियर प्रासादात व्लादिमिर झाक यांच्या हाताखाली खेळ शिकला, आणि कुटुंब हलाखीत असताना राज्याकडून त्याला विद्यावेतन मिळू लागले. १९५५ मध्ये अँटवर्प येथे तो कनिष्ठ गटाचा जगज्जेता झाला, त्याच वर्षी ग्रँडमास्टर झाला, आणि लेनिनग्राड विद्यापीठात पत्रकारितेचे शिक्षण घेत तो विद्यार्थी संघातून खेळू लागला. १९६० च्या वसंतात अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे त्याने अमेरिकेच्या बॉबी फिशरला हरवून त्याच्यासह पहिला क्रमांक विभागून घेतला होता. जुलैमध्ये विद्यार्थ्यांची जागतिक स्पर्धा त्याच्याच शहरात भरली, तेव्हा यजमान संघाचा पहिला पट त्याच्याकडे येणे स्वाभाविक होते. आदल्या वर्षी बुडापेस्टला बल्गेरियाने सोव्हिएत संघाचे विजेतेपद हिरावून घेतले होते. ते स्वतःच्या भूमीवर परत मिळवणे एवढेच काम उरले आहे, अशी अपेक्षा होती.

अमेरिकी संघ ज्या परिस्थितीत आला ती राजकीयदृष्ट्या अतिशय बिकट होती. १ मे १९६० रोजी अमेरिकेचे यू-२ हे टेहळणी विमान सोव्हिएत हद्दीत पाडले गेले होते, त्यावरून पॅरिसची शिखर परिषद मोडली होती, आणि वैमानिक गॅरी पॉवर्स मॉस्कोच्या तुरुंगात खटल्याची वाट पाहत होता. बुद्धिबळातील पूर्वेतिहासही अमेरिकनांना धीर देणारा नव्हता. १९४५ मधील रेडिओ-सामन्यात सोव्हिएत संघाने त्यांना १५½ विरुद्ध ४½ असे चिरडले होते, १९५४ मध्ये न्यूयॉर्कला २० विरुद्ध १२ आणि १९५५ मध्ये मॉस्कोला २५ विरुद्ध ७ अशी हार त्यांच्या वाट्याला आली होती. त्यात त्यांचा सर्वांत बलाढ्य खेळाडू या संघात असूच शकत नव्हता : फिशर तेव्हा सतरा वर्षांचा असून त्याने शाळाच सोडून दिली होती, आणि कोणत्याही विद्यापीठात त्याचे नाव नव्हते. कापाब्लांकाने पन्नास वर्षांपूर्वी जो मार्ग निवडला तोच त्याने आणखी लवकर निवडला होता, आणि विद्यार्थी असण्याच्या अटीने त्याला बाहेर ठेवले.

उरलेल्या संघाची घडण मात्र अभ्यासण्यासारखी आहे. पहिल्या पटावर विल्यम लोम्बार्डी होता, न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचा विद्यार्थी आणि १९५७ मध्ये टोरंटो येथे अकरापैकी अकरा डाव जिंकून कनिष्ठ गटाचा जगज्जेता झालेला. त्याच्या पाठीशी चार्ल्स काल्मे, रेमंड वाइनस्टाइन, अँथनी सैदी आणि एडमार मेडनिस हे होते. यांपैकी काल्मे आणि मेडनिस या दोघांचाही जन्म लाटवियाची राजधानी रीगा येथे, म्हणजे तालच्याच गावात झालेला. युद्धात त्यांची कुटुंबे देश सोडून निघाली आणि निर्वासित म्हणून अमेरिकेला पोचली होती. ज्या राज्याने त्यांची जन्मभूमी आपल्यात सामील करून घेतली होती त्या राज्यात ते अमेरिकेच्या ध्वजाखाली परत येत होते, आणि मेडनिसला तर पहिल्या पटावरचा यजमान चांगलाच परिचयाचा होता, कारण अँटवर्पच्या कनिष्ठ स्पर्धेत स्पास्कीच्या खालोखाल दुसरा क्रमांक त्याचाच होता.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. या संघाला अमेरिकी विद्यापीठांनी घडवले असे म्हणता येत नाही. लोम्बार्डी आणि वाइनस्टाइन हे ब्रुकलिनमधील जॉन कॉलिन्स या व्हीलचेअरवर वावरणाऱ्या शिक्षकाच्या घरी खेळत मोठे झाले, आणि फिशरही त्याच घरी येत असे. इतरांचा खेळ शहरांतील क्लबांमध्ये आणि खुल्या स्पर्धांमध्ये पिकला होता. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये महाविद्यालयच खेळाडूला जोडीदार, वेळ आणि ईर्षा पुरवत असे. १९६० पर्यंत लेनिनग्राडमध्ये ते काम पायोनियर प्रासादाने आणि न्यूयॉर्कमध्ये एका खासगी घराच्या बैठकीने उचलले होते, आणि विद्यापीठाकडे उरले होते ते केवळ पात्रतेचा दाखला देणे. फरक एवढाच की सोव्हिएत खेळाडूसाठी तो दाखला एका दीर्घ आणि सुरक्षित कारकिर्दीचा भाग होता, तर अमेरिकी खेळाडूसाठी तो पदवीबरोबर संपणाऱ्या काही वर्षांचा परवाना होता, कारण पुढे बुद्धिबळावर जगण्याची सोय त्याच्या देशात नव्हती.

स्पास्की आणि लोम्बार्डी यांच्या डावात पांढरी मोहरी स्पास्कीकडे होती. त्याने राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले आणि लोम्बार्डीने सिसिलियन बचाव स्वीकारला. या प्रारंभात काळा खेळाडू मध्याशी समान प्याद्याने टक्कर न देता वजिराच्या बाजूने प्यादे पुढे काढतो, त्यामुळे पटाचे दोन भाग असमान होतात आणि बरोबरीकडे झुकणारी शांतता सहसा राहत नाही. त्यातही लोम्बार्डीने नाजदॉर्फ पद्धत निवडली. पोलंडचे मिगेल नाजदॉर्फ यांच्या नावाने ती ओळखली जाते, आणि तेही १९३९ च्या ब्युनोस आयरेस ऑलिम्पियाडला गेले असताना युद्ध पेटल्यामुळे अर्जेंटिनातच राहिले होते. एकाच स्पर्धेतून मिल्नर-बॅरी व अलेक्झांडर गुप्तलिपीकडे गेले आणि नाजदॉर्फ मात्र परागंदा झाले, ही या खेळाच्या विसाव्या शतकाची विलक्षण वळणवाट आहे. पहिल्या पटावरच्या सामन्यात काळ्या मोहऱ्यांनी असा धारदार प्रारंभ निवडणे म्हणजे बरोबरीवर समाधान मानायचे नाही हे आधीच सांगून टाकणे होय. पांढऱ्याला पुढाकाराचा जो फायदा असतो तो स्पास्कीला टिकवता आला नाही, डावाचा लगाम काळ्याच्या हाती गेला, आणि एकोणतीस चालींच्या सुमारास, म्हणजे अंत्यडावाची वेळ येण्याआधीच, स्पास्कीने हार मान्य केली. त्या पातळीवर ग्रँडमास्टरने पांढऱ्या मोहऱ्यांनी, स्वतःच्या शहरात, इतक्या कमी चालींत पराभूत होणे ही दुर्मीळ घटना होती.

मात्र एका डावाने स्पर्धा जिंकली जात नाही, विशेषतः गुणांची बेरीज निर्णायक असताना. लोम्बार्डीने तेरा डावांपैकी अकरा जिंकले आणि दोन बरोबरीत सोडवून १२ गुण मिळवले, इतर पटांवरूनही भरीव साथ मिळाली, आणि अखेरीस अमेरिकेचे ४१ तर सोव्हिएत संघाचे ३९½ गुण झाले. सोव्हिएत संघ आपल्याच देशात, प्रेक्षकांनी भरलेल्या सभागृहात दुसरा आला. वरिष्ठ गटात जे अमेरिकेला पंधरा वर्षे साधले नव्हते ते तिच्या विद्यार्थ्यांनी करून दाखवले. याचे स्पष्टीकरण राष्ट्रभावनेत शोधण्यापेक्षा एका साध्या गोष्टीत शोधावे : या तरुणांची बुद्धिबळातील सर्वोत्तम वर्षे नेमकी विद्यार्थिदशेतच येत होती, कारण त्यानंतर बहुतेकांना खेळ मागे टाकायचा होता, आणि म्हणून अमेरिकेचे विद्यार्थी तिच्या वरिष्ठ संघाच्या तुलनेत फारसे उणे नव्हते.

पराभवाचा भार मुख्यतः स्पास्कीवर पडला. क्रीडा-अधिकाऱ्यांची त्याच्यावर नाराजी झाली आणि परदेशी स्पर्धांचे दरवाजे काही काळ त्याच्यासाठी बंद झाले. सोव्हिएत खेळाडूला परदेशवारी हाच मुख्य सन्मान आणि मुख्य लाभ असल्याने ही शिक्षा सौम्य नव्हती. प्रशिक्षक अलेक्झांडर तोलुश यांच्याशी त्याची याच सुमारास फारकत झाली आणि ईगोर बोंदारेव्स्की यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने आपली कारकीर्द पुन्हा उभी केली, ती १९६९ मध्ये जगज्जेतेपदापर्यंत. राज्याने ज्याला विद्यार्थी म्हणून पोसले त्याच्याकडून राज्याने विद्यार्थ्याची नव्हे तर सैनिकाची जबाबदारी वसूल केली, हा या व्यवस्थेचा क्रूर भाग होता आणि तो स्पष्ट शब्दांत नोंदवला गेला पाहिजे. तेवीस वर्षांच्या तरुणाने एक डाव गमावणे हा अपराध नव्हे.

विजेत्यांचे पुढे काय झाले, यावरून दुसऱ्या व्यवस्थेचीही किंमत कळते. लोम्बार्डीने धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९६७ मध्ये तो कॅथलिक धर्मगुरू झाला. सैदी डॉक्टर झाला. काल्मे गणिताकडे वळला, आणि लाटविया स्वतंत्र झाल्यानंतर, २००२ मध्ये, त्याचे निधन जन्मगावी रीगा येथेच झाले. मेडनिसने रसायन-अभियांत्रिकी आणि नंतर शेअरबाजाराच्या व्यवसायात काम केले आणि बऱ्याच वर्षांनी तो ग्रँडमास्टर व लोकप्रिय बुद्धिबळ-लेखक झाला. जगातील सर्वोत्तम विद्यार्थी संघातून ऐन उमेदीत पूर्णवेळ खेळाडू म्हणून जवळजवळ कोणीच उरले नाही, आणि अमेरिकेला पुढची बारा वर्षे एकट्या फिशरच्या भरवशावर राहावे लागले. १९७२ मध्ये रेक्याविक येथे, म्हणजे १९५७ च्या विद्यार्थी स्पर्धेच्याच गावात, फिशर आणि स्पास्की जगज्जेतेपदासाठी बसले, तेव्हा फिशरचा अधिकृत साहाय्यक म्हणून तहकूब झालेल्या डावांचे विश्लेषण करण्यासाठी फादर लोम्बार्डी हजर होता. आणि त्याआधी फिशर आइसलँडला जायला तयार होत नव्हता ते दिवस त्याने सैदीच्या आईवडिलांच्या लाँग आयलंडमधील घरी काढले होते. विद्यापीठाच्या दाखल्याअभावी ज्याला लेनिनग्राडच्या संघात जागा नव्हती, त्याच्या मदतीला तोच संघ आला.

स्पर्धेचा उरलेला इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९६१ पासून सोव्हिएत संघाने वर्चस्व परत मिळवले आणि नंतर ते फक्त दोनदा सुटले : १९६३ मध्ये बुदवा येथे चेकोस्लोव्हाकियाने, आणि १९७० मध्ये हैफा येथे पुन्हा अमेरिकेने विजेतेपद मिळवले, परंतु इस्राएलशी राजनैतिक संबंध तोडलेल्या सोव्हिएत संघाने हैफाला संघच पाठवला नव्हता. लेनिनग्राड विद्यापीठात अर्थशास्त्र शिकणारा अनातोली कार्पोव्ह १९७१ आणि १९७२ मध्ये या संघात होता आणि १९७५ मध्ये जगज्जेता झाला, त्यावरून ही स्पर्धा सोव्हिएत बाजूने किती उंचीवर खेळली जात होती ते समजते. पण ग्रँडमास्टर विद्यार्थी आणि खरे विद्यार्थी यांच्यातील अंतर जसजसे वाढले तसतसा पात्रतेच्या अटीवरचा विश्वास कमी झाला. १९७७ ची मेक्सिको सिटी येथील स्पर्धा शेवटची ठरली. पुढच्या वर्षी त्याच शहरात तिची जागा सव्वीस वर्षांखालील युवकांच्या जागतिक सांघिक स्पर्धेने घेतली, जिच्यात शिक्षणाची काहीही अट नव्हती आणि केवळ जन्मतारीख पाहिली जाई. आणि ती पहिलीच स्पर्धा इंग्लंडने, केंब्रिजचा जोनाथन मेस्टेल आणि ऑक्सफर्डचा जॉन स्पीलमन ज्यात होते अशा संघाने, सोव्हिएत संघाला मागे टाकून जिंकली.